बांध परत न देता पश्चात्ताप पुरा होतो का?

बांधावरचा
प्रश्न धर्माचा आहे आणि शेतीचाही. कुठल्या विभागात टाकावा कळेना, म्हणून इथे टाकतोय.

मी नगर जिल्ह्यातला (नवं नाव कागदावर आलंय, तोंडात बसायला वेळ लागेल), चौथ्या पिढीतला ख्रिस्ती. आजोबांनी दोघा मुलांना रान सारखं वाटून दिलं. वडलांचं आणि चुलत्यांचं वावर लागून. मधला बांध पंचवीस वर्षांत हळूहळू चुलत्यांच्या बाजूला सरकला. कसा सरकतो ते शेतकऱ्याला सांगायला नको. दर उन्हाळ्यात नांगरट करताना एक तास (नांगराची एक ओळ) जास्तीचं घ्यायचं. एका वर्षात कुणाच्या डोळ्यावर येत नाही. पंचवीस वर्षांत तीन गुंठे होतात.

चुलते एकदा कडाकडा भांडले, मग बोलणंच टाकलं. सहा-सात वर्षांपूर्वी वारले. त्यांच्या मातीला वडील गेले होते, पण लांब उभे राहून परत आले.

वडील आमच्या चर्चच्या मंडळीतले पक्के भाविक. रविवारची उपासना कधी चुकवली नाही. दरवर्षी संजीवन सभेत साक्षीला उभे राहायचे. तंबाखू कशी सुटली, प्रभूने कसं हाताला धरलं, सगळं सांगायचे आणि रडायचे. नाटकी नाही, खरं रडायचे. बांध मात्र साक्षीत कधी आला नाही. गेल्या दिवाळीआधी शेवटच्या दुखण्यात एका रात्री मला म्हणाले, "दादाचा बांध मी कोरला. देवापुढं लई रडलो. देवानं माफ केलंय मला." मी विचारलं, "मग त्यांचं त्यांना देऊन टाकू का?" त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. चार दिवसांनी गेले.

सध्या लेंट (ईस्टरच्या आधीचा चाळीस दिवसांचा उपासाचा काळ) चालू आहे. परवा पाळकसाहेब प्रवचनात म्हणाले की पश्चात्ताप म्हणजे केलेल्या पापाचं मनापासून वाईट वाटणं. त्यापुढचं मला काही ऐकू आलं नाही. वाईट तर वडलांनाही वाटत होतं. मग तो पश्चात्ताप होता की नव्हता?

ख्रिस्ती नसलेल्यांनीही लिहा. कायद्याचं विचारत नाहीये.

काळी_माती
कायद्याचं विचारत नाही म्हणालात म्हणून तेच सांगतो. बारा वर्षांच्या वर उघड ताबा असला की वकील पहिला शब्द उच्चारेल तो 'प्रतिकूल ताबा'. कोर्टात सिद्ध करणं सोपं नसतं, पण तुमचं पाप कायद्याच्या हिशेबाने मुरत आलंय एवढं नक्की.

बाकी बांध कोरणारे सगळे नरकात जाणार असतील तर आमचा अख्खा तालुका तिथे भेटेल. तिथेही मोजणीला अर्ज टाकून बसलेला.

अळणी
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. धर्म आणि बांध एकाच धाग्यात, संपादकांनी आत्ताच रजा टाकावी.

सुकेळी
मी वसईची, कॅथलिक. आम्हाला पहिल्या कम्युनियनच्या आधी धर्मशिक्षणात हे घोकून घेतलं होतं, म्हणून अजून पाठ आहे. आधी मनात खरा खेद हवा. मग तोंडाने कबुली, धर्मगुरूसमोर. आणि मग भरपाई. सोळाव्या शतकात ट्रेंटला भरलेल्या कॅथलिक चर्चच्या परिषदेने (हा भाग १५५१चा) हे नीट बांधून दिलं, पण मुळात ते फार जुनं आहे.

आता भरपाई म्हटली की लोकांना वाटतं दहा 'नमो मरिया' म्हटल्या, सुटलो. तसं नाही. कोंबडी चोरली असेल तर आधी कोंबडी परत. तोंड दाखवायची लाज वाटत असेल तर धर्मगुरूंच्या हातून, नाव न सांगता देता येते. कोंबडी खुराड्यात ठेवून केलेल्या कबुलीला आमच्यात किंमत नाही.

त्यामुळे बांधावरचा, तुमच्या वडलांच्या बाबतीत पहिली गोष्ट होती, दुसरी अर्धी झाली (तुमच्याजवळ बोलले), तिसरी राहिली. देवाच्या दारात काय झालं ते मी सांगणारी कोण.

मांडवीकाठ
आमच्या गोंयात कबुलीला कुमसार म्हणतात, पोर्तुगीजांकडून आलेला शब्द. कुमसाराची रांग आणि वीजबिलाची रांग सारखीच, सगळे शेवटच्या दिवशी उगवतात. आमची आजी तासभर आत बसायची. तिची स्वतःची पापं दोन मिनिटांची, उरलेला वेळ सुनेची.

सुकेळी
@मांडवीकाठ ही आजी वसईतही आहे. प्रत्येक पॅरिशला एक अशी आजी सक्तीची असावी.

जुनी_पोथी
पाळकसाहेबांचा फारसा दोष नाही, दोष आपल्या शब्दाचा आहे. पश्चात् अधिक ताप. नंतर होणारा ताप. शब्दच मान वळवून मागे बघणारा. त्यामुळे मराठी माणसाला पश्चात्ताप म्हटला की डोळ्यांत पाणी दिसतं.

बायबलच्या नव्या करारात ग्रीकमध्ये जो शब्द आहे तो मेटानोइया. 'नूस' म्हणजे मन, बुद्धी, विचार करायची जागा. ती पालटणं म्हणजे मेटानोइया. आणि त्याच्याही मागे हिब्रू संदेष्ट्यांचा शब्द आहे, शूव. त्याचा अर्थ सरळ 'परत फिरणे'. रस्ता चुकलेला माणूस परत फिरतो तेव्हाही हाच शब्द. त्यात डोळे नाहीत, पाय आहेत. रडत रडत त्याच रस्त्याने पुढे चालत राहिलं तर त्याला शूव म्हणत नाहीत.

ही नुसती शब्दांची चिकित्सा नाही, यावरून युरोप पेटलेला आहे. चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरोमने बायबलचं लॅटिन भाषांतर केलं त्यात 'पेनितेन्तियाम आगिते' असं आलं. पुढच्या काळात लोकांना त्यातून 'प्रायश्चित्त घ्या' एवढंच ऐकू येऊ लागलं, म्हणजे उपास, यात्रा, दान, आणि शेवटी पैसे मोजून घेतलेली क्षमापत्रं. १५१६ मध्ये इरॅस्मसने ग्रीक नवा करार छापला, मूळ शब्द विद्वानांच्या हातात आला. पुढच्याच वर्षी, ३१ ऑक्टोबर १५१७ला, ल्यूथरने ९५ मुद्दे मांडले. त्यातला अगदी पहिला मुद्दा हाच आहे: येशू 'पश्चात्ताप करा' म्हणाला तेव्हा त्याला विश्वासणाऱ्याचं सगळं आयुष्यच पश्चात्तापाचं व्हायला हवं होतं. वर्षातून एकदा उरकायचं काम नव्हे. एका क्रियापदावरून चर्च दुभंगलं असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण थोडीच.

सुकेळी
@जुनी_पोथी सगळं छान, पण प्रॉटेस्टंट मंडळी ही गोष्ट सांगताना क्षमापत्रांपाशी थांबतात आणि आम्ही अजून तिथेच उभे आहोत असं भासवतात. ट्रेंटने त्या विक्रीचा धंदा मोडून काढायचं ठरवलं होतं. आणि मन पालटल्याशिवाय कबुली व्यर्थ, हे आम्हीही म्हणतो. राखेच्या बुधवारी, लेंटच्या पहिल्या दिवशी, कपाळावर राख लावताना फादर म्हणतात ते 'पश्चात्ताप करा आणि सुवार्तेवर विश्वास ठेवा', 'दहा रुपये टाका' असं नाही. ती राखही गेल्या वर्षीच्या झावळ्यांची. झावळ्यांच्या रविवारी ज्या हलवून होसान्ना म्हटलं त्याच जाळून कपाळाला. मला ते नेहमी थोडं थट्टेचं वाटतं, देवाने आपली केलेली.

निरीश्वर
बाहेरच्याचं मत मागितलंय म्हणून देतो. मला ही सगळी व्यवस्था सोयीची वाटते. पाप करा, रडा, पाटी कोरी. ज्याचं नुकसान झालं तो राहिला बाजूला, हिशेब तुमचा आणि देवाचा. चुलत्यांना कुणी विचारलं का, की बाबा तू माफ केलंस का? "देवानं माफ केलंय" हे वाक्य मला भयानक वाटतं. तीन गुंठे देवाचे नव्हते.

आणि व्यक्तीचं सोडा. गोव्यात १५६० ते १८१२, मधली काही वर्षं सोडली तर अडीचशे वर्षं, इन्क्विझिशन (चर्चचं धर्मन्यायालय) चाललं. त्याचा पश्चात्ताप कुणी केला?

सुकेळी
१२ मार्च २०००. पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोमच्या सेंट पीटर्समध्ये उघडपणे क्षमा मागितली. सत्याच्या सेवेच्या नावाखाली असहिष्णुतेचे मार्ग वापरल्याची कबुली त्यात होती. शब्द मोघम होते, हे मलाही डाचतं. पण तुमचं पहिलं म्हणणं, ज्याचं नुकसान झालं त्याला विचारलं का, ते अगदी बरोबर आहे. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

दरफाळणी
निरीश्वर यांच्या मुद्द्याला उत्तर आमच्या बाजूने आहे म्हणून लिहिते. मी बेने इस्राएल, म्हणजे मराठी यहूदी, मूळ कोकणातली, आता इस्राएलमध्ये. यॉम किप्पुरला, आमच्या प्रायश्चित्ताच्या दिवसाला, आमच्या आज्या 'दरफाळणीचा सण' म्हणायच्या, दारं बंद करायचा दिवस. माझं इथलं नावही त्यावरूनच. घरं बंद, कडक उपास.

पण त्या दिवसाबद्दल मिश्नात, आमच्या जुन्या धर्मनियमांच्या ग्रंथात, स्पष्ट लिहिलेलं आहे. माणूस आणि देव यांच्यामधली पापं हा दिवस धुऊन काढतो. माणूस आणि माणूस यांच्यामधली पापं धुऊन काढत नाही, जोवर तुम्ही त्या माणसाची समजूत घालत नाही. म्हणून सणाच्या आधीचे दहा दिवस आमच्याकडे फोन चालू असतात. नणंदा-भावजया वर्षातून एकदा याच दिवसांत गोड बोलतात.

येशू यहूदीच होता, हे लोक विसरतात. वेदीवर अर्पण नेलं आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जा, भावाशी समेट कर. हे तुमच्या मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे ना? मला ते वाचताना घरचंच वाटलं.

जुनी_पोथी
मत्तय ५ मध्येच आहे. उत्तम प्रतिसाद. आणि 'शूव'चंच नाम 'तेशुवा', जो शब्द तुमच्याकडे अजून रोजच्या वापरात आहे. आम्ही तो ग्रीकमधून लॅटिनमध्ये, लॅटिनमधून भांडणात आणि भांडणातून मराठीत आणला.

पैलतीर
माळकरी घरातला आहे म्हणून थोडं. प्रायश्चित्त म्हणजे आमच्याकडेही पंचगव्य, दक्षिणा, भटजी. तुकोबांनी ते एका झटक्यात बाजूला सारलं आणि चित्त अनुतापात न्हाऊन निघणं यालाच प्रायश्चित्त म्हटलं. मला 'पश्चात्ताप'पेक्षा 'अनुताप' शब्द आवडतो, त्यात नंतर येण्यापेक्षा सोबत राहणं आहे. नगरकडे राहिलेले कवी ना. वा. टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, तेही तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्ताच्या पायाशी आलो असं सांगत. त्यामुळे नगरच्या माणसाने हा धागा काढला याचं नवल नाही.

काळी_माती
बायबलमधली जक्कयाची गोष्ट कुणी काढली नाही अजून? आमच्या गावातल्या मिशनच्या शाळेत शिकलोय, तेवढं येतं. जकातदार, बुटका, उंबराच्या झाडावर चढलेला. येशू घरी आल्यावर म्हणाला, अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि कुणाचं लबाडीने घेतलं असेल तर चौपट परत. तीन गुंठ्यांचे चौपट बारा होतात. बांधावरचा, विचार करून बोला.

अळणी
बारा गुंठे! जक्कयाला निरोप द्या, नगर जिल्ह्यात येऊ नको.

जुनी_पोथी
हलकं घेतो, पण चौपटीला आधार आहे. बायबलच्या निर्गम पुस्तकात चोरलेल्या मेंढराला चार मेंढरं असा दंड आहे. मात्र स्वतःहून कबूल करणाऱ्यासाठी गणना पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात मूळ वस्तू आणि वर पाचवा हिस्सा एवढंच सांगितलंय. जक्कयाने स्वतःहून येऊन स्वतःला पकडल्या गेलेल्या चोराचा दंड लावून घेतला. गोष्टीतली खरी गंमत ती आहे. आणि अजून एक. येशूने त्याला 'परत कर' असं एकदाही म्हटलेलं नाही. म्हणाला फक्त, आज मला तुझ्या घरी उतरायचंय.

मिशीवाला_मास्तर
इतिहास शिकवायचो, राहवत नाही. जानेवारी १०७७. जर्मनीचा राजा चौथा हेन्री, पोप सातव्या ग्रेगरीने बहिष्कृत केलेला. आल्प्स ओलांडून कानोसाच्या किल्ल्याबाहेर तीन दिवस बर्फात, अनवाणी, प्रायश्चित्ताच्या जाड्याभरड्या कपड्यांत उभा राहिला. पोपने माफ केलं, करावंच लागलं. सात वर्षांनी त्याच हेन्रीने रोम घेतलं आणि आपला पोप बसवला. ग्रेगरी परागंदा होऊन १०८५ मध्ये सालेर्नोत वारला.

आता सांगा, ते तीन दिवस खरे की खोटे? पाय तर खरेच गारठले असणार. त्यामुळे 'पाय आहेत, डोळे नाहीत' हे जुनी_पोथींचं वाक्य चमकदार असलं तरी पुरेसं नाही. पायही खोटं बोलू शकतात.

अळणी
थट्टा बाजूला ठेवून एक खरा प्रश्न. यहूदा इस्कर्योत. येशूला धरून दिल्यावर त्याला पस्तावा झाला. "निर्दोष माणसाला धरून देऊन मी पाप केलं" अशी स्पष्ट कबुली त्याने दिली. आणि तीस रुपये परत केले, मंदिरात फेकले. सुकेळीताईंच्या यादीतल्या तिन्ही गोष्टी झाल्या. तरी तो गेला फास लावून, आणि दोन हजार वर्षं त्याचं नाव शिवी म्हणून वापरतात. उलट पेत्र, येशूचा दुसरा शिष्य. तीनदा म्हणाला मी त्या माणसाला ओळखत नाही. त्याने काय परत केलं? बाहेर जाऊन रडला फक्त. तो झाला पहिला पोप.

म्हणजे परतफेड करणारा बुडाला आणि रडणारा तरला. मग बांधावरचा यांच्या वडलांचं काय चुकलं?

मांडवीकाठ
अळणी, तुझं नाव बदल. भलतंच तिखट आहे हे.

जुनी_पोथी
प्रश्नाला मान देऊन: मत्तय यहूदासाठी मेटानोइया वापरत नाही, 'मेटामेलोमाय' वापरतो. चुटपुट लागणे, हळहळणे, असा त्याचा अर्थ जातो. पौलही करिंथकरांना लिहिताना दोन दुःखं वेगळी करतो, देवाकडे नेणारं आणि मरणाकडे नेणारं. पण खरं सांगू, शब्दकोशाने तुमचा प्रश्न सुटतो असं मला वाटत नाही.

रात्रपाळी
मी वाचतेच फक्त, लिहीत नाही. आज लिहिते. नर्स आहे, बावीस वर्षं झाली, त्यातली बरीचशी रात्रीची ड्युटी.

अळणी यांना माझं साधं उत्तर. यहूदा कबुली द्यायला गेला कुणाकडे? ज्यांनी पैसे दिले त्या याजकांकडे. ते म्हणाले, त्याचं आम्हाला काय, तुझं तू बघ. पाप करायला लावणाऱ्याच्या दारात माफी मिळत नाही. पेत्र मात्र बाकीच्यांबरोबर राहिला. लाज वाटत असूनही त्याच खोलीत, त्याच लोकांत. म्हणून येशू परत आला तेव्हा तो सापडला. योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी समुद्राकाठी कोळशाचा विस्तव आहे, मासे भाजताहेत. नव्या करारात कोळशाचा विस्तव दोनच ठिकाणी येतो असं आम्हाला सभेत शिकवलं होतं, पेत्राने नाकारलं तेव्हा तो शेकत होता तिथे, आणि इथे. त्या विस्तवाजवळ येशू त्याला तीनदा विचारतो, माझ्यावर प्रेम करतोस का. तीन नकारांना तीन वेळा. आणि दर वेळी काम देतो, मेंढरं चार. म्हणजे पेत्राचंही नुसत्या रडण्यावर भागलेलं नाही.

दुसरं. बांधावरचा दादा, तुम्ही लिहिलंय वडलांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. तुम्ही ते 'नाही' असं धरलंय. मी पुष्कळ माणसांना शेवटी भिंतीकडे तोंड करताना पाहिलंय. काहींना बोलायचं नसतं. काहींना रडताना मुलाला दिसायचं नसतं. बायबलमधल्या हिज्कीया राजाला संदेष्ट्याने सांगितलं की तू मरणार, तेव्हा त्यानेही भिंतीकडे तोंड फिरवलं. आणि तो तिथे प्रार्थना करत होता.

सुकेळी
रात्रपाळी, लिहीत जा हो.

टोरांटोची_थंडी
रात्रपाळीताईंच्या प्रतिसादावर भर म्हणून जॉन न्यूटनचं उदाहरण. गुलामांच्या व्यापारातला खलाशी. १७४८ मध्ये वादळात जहाज बुडता बुडता वाचलं, त्याने देवाचा धावा केला, तोच आपल्या पालटाचा दिवस म्हणून तो पुढे पाळत राहिला. पण त्यानंतर तो गुलामांच्या जहाजांचा कप्तान झाला! वर प्रार्थना आणि खाली साखळदंडातली माणसं. १७५४ मध्ये समुद्र सोडला तो तब्येतीमुळे. पाळक झाला, जगभर गाइलं जाणारं भजन लिहिलं, आणि त्या व्यापाराविरुद्ध उघड पत्रक काढलं ते १७८८ मध्ये. वादळानंतर चाळीस वर्षांनी. त्यात सरळ म्हटलंय की ही कबुली फार उशिरा येते आहे. १८०७ मध्ये ब्रिटनने गुलामांचा व्यापार कायद्याने बंद केला आणि त्याच वर्षाच्या शेवटी म्हातारा वारला.

म्हणजे वादळात वळला तो खोटा होता का? मला नाही वाटत. वळायला त्याला चाळीस वर्षं लागली. काही लोकांना चाळीस मिळत नाहीत.

निरीश्वर
हे पटण्यासारखं आहे. खाली साखळदंडातल्या माणसांना ती चाळीस वर्षं कशी गेली असतील हे विचारून परत खवचटपणा करत नाही. (केलाच.)

पण मूळ धाग्याकडे. वडील गेले. मुलाने बापाच्या वतीने पश्चात्ताप करता येतो का?

जुनी_पोथी
दोन्ही बाजूंचे दाखले आहेत. यहेज्केल १८: मुलाने बापाच्या पापाचा भार वाहायचा नाही, ज्याचं त्याच्यापाशी. उलट दानिएल आणि नहेम्या 'आम्ही आणि आमच्या वाडवडलांनी पाप केलं' असं एकाच दमात म्हणतात.

काळी_माती
दाखले राहू द्या. बांधावरचा, वडील दिवाळीच्या आधी गेले म्हणता. आता त्या तीन गुंठ्यांत काय उभं आहे?

अळणी
धागा एकदम शांत झाला.

मिशीवाला_मास्तर
धागाकर्ते चार दिवस फिरकले नाहीत. काळी_माती, जरा हळू विचारायचं होतं.

काळी_माती
हळूच विचारलं होतं. प्रश्नच तसा आहे.

बांधावरचा
आलो. सगळे प्रतिसाद दोनदा वाचले.

काळी_माती, कांदा आहे. जानेवारीत लागवड केली. मी केली. लावताना बांध कुठवर हवा होता ते मला माहीत होतं, पडक्या विहिरीच्या कोपऱ्यातून चिंचेच्या बुंध्याला सरळ रेघ. वाफे त्या रेघेच्या पलीकडे पाडले. ट्रॅक्टरवाल्याने विचारलंही, कुठवर? मी हात करून दाखवलं. मग इथे येऊन वडलांचा पश्चात्ताप खरा होता का म्हणून तुम्हाला विचारत बसलो.

आईशी बोललो. ती म्हणाली, "गेलेल्या माणसाचं नाव काढायचं नाही. लोक म्हणतील बाप चोर होता." बहिणी दोघी, एक हो म्हणाली, दुसरी म्हणाली आधी आईला सांभाळ. वडलांच्या माघारी चौघांची वारस नोंद झालीय आईसकट, त्यामुळे मी एकटा काही लिहून देऊ शकत नाही असं वाटून दोन दिवस तेच धरून बसलो. खरं सांगायचं तर बरं वाटलं होतं ते.

काळी_माती
ती पळवाट बंद करतो. लिहून द्यायचंय काय? चुलत्यांच्या सातबाऱ्यावर क्षेत्र पूर्ण असेल, तुमच्यावरही मूळ वाटणीचंच असेल. कागद सरकलेला नाही, बांध सरकलाय. खरेदीखत नको, बक्षीसपत्र नको. भूमी अभिलेखकडे हद्द कायम मोजणीचा अर्ज टाका, दगड लावून घ्या, बांध दगडावर आणा. आईची समजूत काढायची ती घरात काढा, कागदाच्या आड लपू नका.

दरफाळणी
आणि मोजणीच्या आधी त्या घरी जा. नोटीस जायच्या आधी माणूस जाऊ द्या.

बांधावरचा
काल संध्याकाळी गेलो होतो.

चुलतभाऊ ओट्यावर बसला होता, मोबाईल बघत. सव्वीस वर्षांत त्या ओट्यावर चढलो नव्हतो. घोकून गेलेलं सगळं भाषण विसरलो. "बांध आमच्याकडनं सरकलाय, तीन गुंठे, मला माहीत आहे," एवढंच आलं तोंडातून. तो म्हणाला, "तुला आज कळलं?" मी म्हणालो, "नाही." तो गप्प. मग म्हणाला, "आमच्या बापाला हे ऐकायचं होतं." यावर मी काय बोलणार होतो.

बऱ्याच वेळाने विचारलं, "मोजणीचे पैसे कोण भरणार?" मी म्हणालो मी. "मग कांदा काढून घे आधी. उभ्या पिकात दगड ठोकत बसू नको. एप्रिल संपल्यावर बघू." मी म्हणालो, पलीकडच्या वाफ्यांतला कांदा तुझा. तो म्हणाला, "मला नको तुझा कांदा." मग थोड्या वेळाने, "किती गोणी निघतील?"

चहा विचारला नाही. निघालो तेव्हा पाठीमागून म्हणाला, चप्पल तिकडं काढत जाऊ नको, कुत्रं पळवतं.

काळी_माती
पलीकडच्या वाफ्यांची काढणी वेगळी करा आणि गोण्या वेगळ्या थप्पीला लावा. नंतर कुठल्या कुणाच्या यावरून परत जुंपेल. आणि मोजणीच्या दिवशी दोघंही हजर राहा, लगतच्या बाकीच्या कब्जेदारांनाही नोटीस जाते, ते काय म्हणतात ते तेव्हाच कळेल.

अळणी
जक्कयाचं काय ठरलं? बारा की तीन?

बांधावरचा
तीन आणि पलीकडचा कांदा. पाचव्या हिश्शाच्या वर जातंय, जुनी_पोथींनी हिशेब करून घ्यावा. आईने अजून माझ्याशी बोलणं धरलेलं नाही.